दोन वर्षांचा फायदा

यंदा थंडी एकदमच पडली. परवापर्यंत पंखा लागत होता, आणि काल सकाळी बादलीच्या पाण्यात हात घातला तर बोटं आखडली. वर्ध्याच्या बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आहेत. कडेच्या बाभळींना कापूस अडकून लोंबतो आहे आणि खाली पडलेला चाकांखाली काळा होतो आहे. भरताची वांगी आली, तुरीच्या ओल्या शेंगा आल्या. हे दिवस आले की लोकांना हुरडा आठवतो, संत्री आठवतात. मला राग येतो. सकाळी चहा गाळतानाच येतो आणि भांडी आपटत दुपारपर्यंत पुरतो.

"काऊन वं, सकाळीच काऊन तापून राह्यली?" शामराव विचारतात. शामराव म्हणजे माझे पती.

काय सांगू त्यांना? तीन वर्षांपूर्वीची थंडी अशीच होती, आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही, एवढंच. त्या थंडीत आम्ही एक गोष्ट पुढे ढकलली. रागवायला माणसं शोधायला गेलं तर पहिला नंबर एका मेलेल्या गुरुजींचा लागतो.

शामरावांचं घर पवनारचं. धाम नदीच्या काठाला भाजीची वाडी. वांगी, चवळी, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजं. त्याच घरात, एकाच आठवड्यात, दोन जावांना दोन पोरं झाली. आधी वसंता, चार दिवसांनी शाम. वसंताचा बाप शाळेच्या बाबतीत हट्टी होता, त्यानं पोराला वेळेवर शाळेत घातलं. शामचा बाप म्हणाला, वांगी तोडायला कोण येईल? त्यामुळे शाम आठ वर्षांचा होईपर्यंत वाडीतच राहिला. शेवटी माझ्या सासूबाईंनी त्याला हाताला धरून शाळेत नेलं. त्या वेळी जन्माचा दाखला कुणाकडे असायचा? गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगत, आणि बोटं डाव्या कानाला टेकली की पोरगं सहा वर्षांचं. शामचा हात कान ओलांडून पार मानेपर्यंत गेला. गुरुजींनी ते पाहिलं आणि तरीही सहाच लिहिलं, कारण पहिलीत सहा वर्षांचंच पोरगं बसतं. "लिवा गुरुजी, तुमाले जे लिवाचं ते," सासूबाई म्हणाल्या. तारीख पडली एक जुलै. वर्गातल्या अर्ध्या पोरांची तीच तारीख होती.

अशा रीतीने एका आठवड्यात जन्मलेले दोन भाऊ कागदावर दोन वर्षांच्या अंतराने जन्मले. घरात हा जन्मभराचा विनोद झाला. आणि दोघांनाही नोकरी लागल्यावर तो विनोद राहिला नाही, तो फायदा झाला. वसंतभाऊजी वर्ध्याला केंद्र सरकारच्या कचेरीत, शामराव पुलगावला लष्कराच्या डेपोत. निवृत्तीचं वय दोघांनाही साठ. पण शामरावांची साठ वर्षं दोन वर्षं उशिरा भरणार. कुणीही भेटलं की म्हणायचं, नशीबवान आहे लेकाचा.

मीही म्हणायचे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी एकटी शहाणी होते.

आम्ही वर्ध्यात राहतो. म्हणजे जिथून मुंबईला, हावड्याला, दिल्लीला, पार खाली दक्षिणेच्या टोकाला गाड्या जातात, त्या जंक्शनावर. दिवसभर घरात शिट्ट्या ऐकू येतात. आणि या चौफुलीवर आयुष्य काढलेल्या शामरावांचा प्रवास कोणता? सकाळी वर्धा ते पुलगाव, संध्याकाळी पुलगाव ते वर्धा. छत्तीस वर्षं. त्यांना वेड मात्र होतं रेल्वेच्या वेळापत्रकाचं. दर वर्षी नवं विकत आणायचे आणि रविवारी दुपारी जेवण झालं की पोथीसारखं उघडून बसायचे. "सांग, कुठं जायाचं?" मी म्हणायचे, समुद्र. मग ते बोट फिरवत सगळा रस्ता लावायचे. सेवाग्राम स्टेशनावर कोणती गाडी किती वाजता, बल्लारशाला इंजिन किती थांबतं, पुढे नदीवरचा मोठा पूल उजेडात लागावा म्हणून कोणती गाडी सोडायची आणि कोणती धरायची. मी स्वयंपाकघर आवरत ऐकायचे. एवढा प्रवास झाला की वेळापत्रक मिटून ते डुलकी घ्यायचे आणि मी चहा टाकायचे.

मला समुद्र का हवा होता? मी प्राथमिक शिक्षिका होते. तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की समुद्राचं पाणी खारट असतं. कशावरून, तर पुस्तकावरून. एकदा एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमी चाखलं काय?" मी तिला खाली बसवलं. त्या पोरीला बसवल्याची लाज मला आजही वाटते.

तर ती थंडी. वसंतभाऊजी जूनअखेर निवृत्त झाले होते, आणि तुरी कापून-सोंगून झाल्यावर त्यांनी पवनारच्या वाडीत रोडग्याचं जेवण ठेवलं. आमच्याकडे रोडगे घरात होत नाहीत, शेतात होतात. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे, बरोबर वांग्याची झणझणीत भाजी. दुपारचं ऊन कोवळं होतं. नदीवरून गार वारा येत होता आणि धूर नेमका माझ्याच डोळ्यांत. वसंतभाऊजींनी जेवता जेवता जाहीर केलं की ते आणि त्यांची बायको रामेश्वरला निघालेत, आणि आम्हीही चलायचं.

"वहिनी, पंधरा दिवसाचा तं सवाल हाय. समुद्र पाहू, येऊ वापस. शाम्याले सुट्ट्या काय कमी हायेत?"

कमी नव्हत्या. ढीग पडला होता रजेचा. रजा न घेणं ही शामरावांच्या पिढीत मर्दुमकी होती.

"मले अजून दोन वर्षं हायेत, वसंता," शामराव म्हणाले. "एकदा रिटायर झालो, की मंग फिरणंच फिरणं हाय. रस्ता तं मी कवाचा लावून ठेवला."

"लेका, तुले दोन वर्षं फुकटची भेटली म्हणून मिजास करून राह्यला काय?"

सगळे हसले. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी म्हणाले, "हाव ना भाऊजी, दोन वर्षं काय, असे निघून जातीन." चुटकी वाजवून म्हणाले. मला ती चुटकी ऐकू येते अजून. त्याच वेळी शामरावांनी पाण्यासाठी हात लांबवला आणि डाव्या बाजूचा तांब्या कलंडला. भाजी, रोडगे, पत्रावळ, सगळं पाण्यात. भाऊजी म्हणाले, याचं ध्यान आत्तापासूनच रामेश्वरात आहे. पुन्हा हसू. तांब्या हातभर अंतरावर, लखलखीत उन्हात ठेवलेला होता, हे तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही.

त्या अख्ख्या थंडीत मी या माणसावर ओरडत होते. दाराच्या कडीवर कपाळ आपटलं, ओरडले. जिन्याची पायरी चुकली, ओरडले. ताटाशेजारची वाटी रोज लवंडायची, मी रोज फडकं आपटायची. रविवारी वेळापत्रक वाचताना ते ओळीवर पट्टी ठेवायला लागले. मी म्हटलं, चष्मा बदला. "रिटायर झालो की दाखवू डोळे, आता कुठं सुट्टी घेतं," असं ते म्हणाले आणि मला ते बरोबर वाटलं. एके संध्याकाळी बाजार समितीच्या वळणावर कापसाचा टेम्पो बाजूनं आला आणि यांची स्कूटर घासत गेली. घरी आले तेव्हा बाहीला कापूस चिकटलेला, कोपर सोललेलं.

"दिसलाच नाई मले तो," ते म्हणाले. "कुठून आला काय माईत."

"एवढा मोठा टेम्पो दिसला नाई? डोळे फुटले होते काय तुमचे?"

हे मी म्हणाले. मीच. हळद लावता लावता म्हणाले.

माघात वसंतभाऊजी गेले आणि आले. शंख आणला, प्रसाद आणला. "वहिनी, आपली धाम तं त्याच्यापुढं नाली वाटीन नाली," म्हणाले. शामरावांनी समुद्राचं काही विचारलंच नाही. गाडी बल्लारशाला वेळेवर होती का आणि पूल उजेडात लागला का, एवढंच विचारलं. पूल अंधारात गेला म्हटल्यावर त्यांना आतून आनंद झाला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरी गाडी धरली नाई यानं. आपुन दुसरी धरू."

पुढची दोन वर्षं, म्हणजे ती फायद्याची. शेवटच्या वर्षी पुलगावातल्या एका हॉलमध्ये निवृत्त होणाऱ्यांसाठी व्याख्यान होतं, बायकांनाही बोलावलं होतं. टाय लावलेल्या एका तरुणानं पडद्यावर निवृत्तीचं नियोजन दाखवलं. घर, औषधपाणी, मुलांची लग्नं, अडीअडचण, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं, प्रवास व छंद. त्याच्यापुढं कंस करून "उरल्यास". माझा हात वर गेला. मी म्हटलं, साहेब, माणूस उरला तर, असं म्हणायचंय का तुम्हाला? हॉल हसला. त्यालाही हसू आलं, "मॅडम मजा करतात" म्हणाला आणि पुढचं चित्र लावलं. मी मजा करत नव्हते. पण खरं सांगायचं तर मलाही तेव्हा काही माहीत नव्हतं. शब्द नुसतेच तोंडातून निघाले होते.

निरोप समारंभ थाटात झाला. शाल, नारळ, हार. एकामागून एक उठून सांगत होते की शामरावांनी कधी लांब रजा घेतली नाही, आजारपणात घेतली नाही, बायकोच्या हौसेखातर तर नाहीच नाही. टाळ्या. आणि सत्काराला उत्तर द्यायला शामराव व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना अडखळले, तेव्हा सगळ्यांना वाटलं की त्यांना गहिवरून आलं.

डोळे दाखवले ते त्यानंतर. दवाखान्यात एका यंत्रात तोंड खुपसून बसायचं असतं. आत ठिपके चमकतात, ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर बाकावर बसले होते. टक, टक, असा आवाज आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं, तपासणी संपली. पडदा सरकवून पाहिलं तर शामराव अंगठा बटणावर ठेवून वाट पाहत बसले होते, आणि यंत्र आपले ठिपके दाखवतच होतं.

काचबिंदू. तो दुखत नाही, सांगत नाही, कडेकडेनं खात येतो. डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या होत्या. म्हणाल्या, समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. थेंब चुकवायचे नाहीत. मी विचारलं, आधी आलो असतो तर? त्या खरं बोलल्या. "दोन-तीन वर्षं आधी आला असता, तर पुष्कळ वाचलं असतं."

आता सांगा, फायदा कुणाचा झाला? गुरुजींच्या त्या टाकानं शामरावांना दोन वर्षं दिली असं सगळे म्हणत आले. अहो, दिली कुठून? त्यांच्याच अंगातून काढली ना? कागद साठीचा होता, पण डोळे बासष्टचे होते, गुडघे बासष्टचे होते. खरी साठ भरली त्या थंडीत हा माणूस घरी असता, तर त्यानं डोळे दाखवले असते आणि आम्ही वसंतभाऊजींबरोबर गेलोही असतो. नाहीतर पंधरा दिवसांची रजा टाकली असती तरी चाललं असतं! कोण अडवत होतं? कुणीच नाही. कुणी अडवलं असतं तर त्याच्याशी भांडले असते. रागाला धड माणूस मिळत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा राग.

गुरुजींवर चिडते म्हणावं तर मी कोण लागून गेले? नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत खेड्यावरच्या शाळेत मीही हेच केलंय. आई पोराला घेऊन यायची, सांगायची, "बाई, ज्या साली आमच्या गायीले जुळं झालं त्या सालचा हाय." मी पोराकडे बघून एक वर्ष लिहायची आणि पुढे तीच सरसकट तारीख. वर सांगायची, "एक वर्ष कमीच टाकलं हं, नोकरीत कामी येईल." आया हात जोडायच्या. ती पोरं आता चाळिशीत आहेत. बाजारात भेटतात, पाया पडतात. परवा एक जण म्हणाला, "बाई, तुमच्या किरपेनं वर्षभर जास्त नोकरी." त्याला मी रस्त्यातच झापलं. म्हटलं, ते वर्ष विसर, आणि आजपासून दर वर्षी आठ दिवस बायकोला घेऊन कुठंतरी जात जा. त्याला वाटलं असेल, बाईंचं डोकं फिरलं.

निवृत्त झाल्यावरही आम्ही निघालो असं समजू नका. घरी बसलेला माणूस म्हणजे गल्लीची सतरंजी, ज्याला लागेल त्यानं उचलून न्यावी. शामराव, आमच्याकडे सिलिंडर येणार आहे, जरा बसाल? शामराव, देवळाच्या कमिटीत नाव टाकलं तुमचं. वसंतभाऊजींचं, "वाडीवर येत जा लेका, मजुराईपाशी कोणीतरी पायजे." दिसत नसलेल्या माणसाला राखण! मग तूर झाली की जाऊ, हरभरा झाला की जाऊ, मग लग्नसराई, मग उन्हात कुठं जाता, मग पेरणी, मग घरच्या महालक्ष्म्या. बारा महिन्यांत "जाऊ" या शब्दाला एक आठवडा मोकळा सापडत नाही. शेजारच्या बाईंनी तर कहर केला. मला म्हणाल्या, "त्याईले आता नीट दिसत नाई, मंग फिरून काय करता?" मी त्यांच्या हातातली दह्याची वाटी परत घेतली. विरजण मागायला आल्या होत्या. दिलं नाही.

आणि त्याच दिवशी तिकिटं काढली. कुणाला विचारलं नाही, शामरावांनाही नाही. फक्त गाडी त्यांच्याकडून ठरवून घेतली. वेळापत्रक मी वाचायचं आणि ते डोळे मिटून सांगायचे, "ही नको. ही पुलावर अंधारात जाते. खालची पाहा." कपड्यांच्या आधी थेंबांची बाटली थर्मासात बर्फाबरोबर भरली. वाडीची राखण, देवळाची कमिटी, सगळ्यांना आठ दिवस आधी सांगून टाकलं की आम्ही नाही. भाऊजी कुरकुरले. "तूर उभी हाय, वहिनी." मी म्हटलं, "उभी राहू द्या, भाऊजी."

गाडीत खिडकी शामरावांना. एक जण म्हणाला, काकांना वरचा बर्थ द्या, आडवे पडतील, आराम होईल. आराम! छत्तीस वर्षं या माणसाला कुणी आराम दिला नाही आणि आता पूल यायच्या वेळेला द्यायला निघाले. मी त्या गृहस्थाला असं काही बोलले की तो पुढच्या स्टेशनापर्यंत दारात उभा राहिला. शामरावांना खिडकीतून चिंचोळं काहीतरी दिसत असावं. पाट्या त्यांच्या नजरेत येईपर्यंत मागे पडायच्या, पण स्टेशनं त्यांना पाठ होती. ते मी पाटी वाचायच्या आधीच नाव सांगायचे आणि बरोबर आलं की मांडीवर थाप मारायचे. पूल उजेडात लागला. खाली पाणी, वाळूचे पट्टे, एक होडी. "होडी पाह्यली काय?" मी विचारलं. "कोणती होडी?" ते म्हणाले. तोवर ती मागे गेली होती.

रामेश्वरला सकाळी पोचलो. देवळासमोरच ते पाणी होतं. माणसं नाहत होती, ओल्या लुगड्यांतल्या बायका हसत होत्या, मीठमासळीचा वास येत होता. मी आधी बोटं बुडवून जिभेला लावली. खारट. पुस्तक खरं होतं. मग शामरावांच्या बाहीला धरून त्यांना कडेला आणलं आणि समोर उभं केलं. ते बराच वेळ पाहत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"केवढाक हाय वं?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळेचना. समुद्राच्या पुढ्यात उभं राहून हा माणूस काय विचारतोय?

"मले एवढाच दिसून राह्यला," असं म्हणून त्यांनी दोन्ही तळहात तोंडासमोर धरले. मध्ये वीतभर अंतर होतं. "आपल्या वाडीतल्या विहिरीवानी. पण चांगला हाय. निळा हाय."

चांगला आहे म्हणे! मला असा संताप आला की तिथंच बसून वाळूवर मुठी आपटाव्यात. गुरुजींच्या नावानं, टाळ्या वाजवणाऱ्यांच्या नावानं, त्या वाडीत चुटकी वाजवणाऱ्या बाईच्या नावानं बोंब मारावी. पण ते वाट पाहत होते. केवढा आहे, हे त्यांना खरंच हवं होतं. मी त्यांच्या मागे गेले, त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, पार डाव्या खांद्याकडे वळवलं आणि तिथून हळूहळू उजवीकडे फिरवायला लागले.

"हाय," ते म्हणाले. मी आणखी फिरवलं. "हाय. अजून हाय." आणखी. "अजूनई हाय वं." त्यांचा चेहरा उजव्या खांद्यापर्यंत आला. त्यापुढे मान वळेना, आणि समुद्र अजून बाकी होता.